अकरा चिंचिला आणि एक बोट

ते रील तुमच्या फोनवर कधी ना कधी येऊन गेलंच असणार. काचेच्या भांड्यात बारीक राख ठेवलेली, आणि त्यात एक करड्या रंगाचा गोळा गरागरा लोळतोय. कान उंदरासारखे, शेपूट खारीसारखी, अंग सशासारखं. खाली कमेंट्स तर ठरलेल्याच: ‘कुठे मिळेल?’, ‘मला पण हवा!’

तो चिंचिला. आज त्याच्याबद्दल बोलू या, पण तो कुठे मिळतो हे मी सांगणार नाहीये. मला जास्त मजा वाटते ती त्याला पाळण्याच्या नियमांची. ते ऐकले की एखाद्या लाडावलेल्या संस्थानिकाची आठवण येते. आंघोळ पाण्याची नको, राखेची हवी. घरात गारवा पाहिजे, म्हणजे आपण घामाघूम झालो तरी चालेल, पण याच्या खोलीत एसी हवाच. बेदाणे, काजू नकोत, सुकं गवत द्या. पिंजऱ्याचा तळ जाळीचा नको. आणि उचलताना केस धरलेत तर मूठभर केस तुमच्या हातात ठेवून स्वारी पसार!

हे नखरे नाहीत. हा सगळा इतिहास आहे, आणि तो फार जुनाही नाही. गाईम्हशी आपल्याकडे हजारो वर्षं आहेत. चिंचिला माणसाच्या घरात येऊन शंभर वर्षं जेमतेम झालीत. त्याच्या शरीराला अजून कुणी सांगितलेलंच नाही की आपण आता डोंगरावर राहत नाही.

तो डोंगर म्हणजे अँडीज. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम कडेनं वरपासून खालपर्यंत गेलेली पर्वतरांग. चिली, बोलिव्हिया, पेरू आणि अर्जेंटिना या चार देशांत चिंचिला होते. जागा कशी, तर उघडाबोडका खडक, पाऊस नावालाच, दिवसा कडक ऊन आणि रात्री हाडं गोठवणारी थंडी. दिवसभर कपारीत बसायचं आणि अंधार पडला की बाहेर पडायचं, असं यांचं चालायचं. एकेका वसाहतीत शंभर-शंभर जण. खायला चरबरीत गवत, झुडपांची पानं, साली. पाणी बरचसं वनस्पतींमधून आणि दवातून मिळायचं.

अशा थंडीत टिकायचं तर कोट चांगला हवा. आपल्या डोक्यावर केसाच्या एका मुळातून एक केस येतो, फार तर दोन-तीन. चिंचिलाच्या एका मुळातून पन्नास-साठ केस येतात. ही लोकर इतकी दाट की पिसवांनाही आत शिरायला जागा मिळत नाही. त्यात पाणी गेलं की मात्र लवकर सुकत नाही. आतली कातडी ओली राहते, थंडी भरते, बुरशी धरते. म्हणून तिथल्या ज्वालामुखीच्या बारीक राखेत लोळायचं. राख तेल आणि ओल शोषून घेते आणि केस पुन्हा मोकळे होतात. रीलमधला तो गरगरता गोळा करतोय ते हेच. आजही पाळणारे आठवड्यातून दोन-तीनदा, दहा-पंधरा मिनिटांसाठी ते राखेचं भांडं पिंजऱ्यात ठेवतात आणि मग काढून घेतात. पावडर खास चिंचिलासाठी मिळते तीच घ्यायची. बाळाची टाल्कम पावडर नको, नदीची वाळूही नको. पावडर फुफ्फुसात जाते, आणि वाळू भरड असल्यामुळे केसांच्या मुळापर्यंत पोचत नाही.

हा कोट चिंचिलाला थंडीतून वाचवायचा, आणि त्याच कोटानं त्याला संपवत आणलं.

तिथल्या मूळच्या लोकांना ही लोकर माहीत होतीच. चिंचिला हे नाव चिंचा नावाच्या लोकांवरून पडलं असं म्हणतात. स्पॅनिश आले, आणि होसे दे अकोस्ता या जेझुइट पाद्र्यानं १५९० साली छापलेल्या आपल्या ग्रंथात या मऊ केसांच्या छोट्या प्राण्याची नोंद केली. पण खरा घात झाला तो एकोणिसाव्या शतकात. युरोप-अमेरिकेतल्या श्रीमंत बायकांना चिंचिलाचा कोट हवा झाला. आता हिशोब करा. चिंचिला असतो साधारण अर्धा किलोचा. एका पूर्ण कोटाला शंभराहून जास्त कातडी लागतात. म्हणजे कपारीतली एक अख्खी वसाहत एका बाईच्या अंगावर!

शिकारी यायचे, सापळे लावायचे, बिळांवर कुत्री सोडायचे, कुठे कुठे झुडपं पेटवून द्यायचे. चिलीच्या बंदरांतून लाखो कातडी बाहेर गेली. मग एके काळी जिथे घोड्यावरून जाताना चिंचिला दिसायचेच, तिथे ते दिसेनासे झाले. १९१० मध्ये चारही देशांनी मिळून करार केला आणि शिकारीवर बंदी आणली. कागद चांगला होता. पण डोंगरात तो पाळायला लावणार कोण? आणि बंदी आली की काय होतं ते तुम्हाला माहितीय. माल दुर्मिळ झाला, भाव आणखी चढला, आणि उरलेसुरले चिंचिला पकडायला जास्तच लोक निघाले.

आता १९१८. ठिकाण चिलीतलं पोत्रेरिओस. तांब्याच्या खाणींचा भाग, अमेरिकेच्या अ‍ॅनाकोंडा कंपनीचं काम चाललेलं. तिथे मथायस चॅपमन नावाचा एक अमेरिकन खाण इंजिनिअर होता. एक दिवस एक स्थानिक माणूस त्याच्याकडे डबा घेऊन आला. डब्यात जिवंत चिंचिला. चॅपमननं तो विकत घेतला आणि त्याच्या डोक्यात किडा वळवळायला लागला: हे प्राणी पाळून वाढवता आले तर?

हेतू काय होता, हे सरळ बोलू. कातड्याचा धंदा. पुढे चॅपमनला चिंचिलाचा तारणहार म्हणणारे बरेच झाले, आणि त्याला या प्राण्यांची माया लागली हेही खरं दिसतं. पण सुरुवात धंद्यातून झाली हे विसरायचं कशाला?

त्यानं तेवीस माणसं कामाला लावली. डोंगर पालथे घातले. तीन वर्षं! आणि तीन वर्षांत हाती लागले किती? घेऊन जाण्याजोगे अकरा. त्यातल्या माद्या फक्त तीन. जिथून शंभर वर्षं लाखो कातडी निघाली, तिथे तेवीस माणसांना तीन वर्षांत एवढेच सापडले. त्या वेळी चिंचिलांची काय अवस्था होती, ते या एका आकड्यात कळतं.

पुढचं काम जास्त अवघड होतं. डोंगरावरचा प्राणी एकदम समुद्रकाठी आणला तर मरणार, हे चॅपमनला कळलेलं होतं. म्हणून त्यानं घाई केली नाही. पिंजरे थोडे खाली आणायचे, थांबायचं, प्राणी रुळले की आणखी थोडे खाली. यात वर्षभर गेलं. मग चिली सरकारची परवानगी मिळवून, १९२३ मध्ये नवरा-बायको आणि पिंजरे बोटीवर चढले. चिलीहून कॅलिफोर्निया म्हणजे वाटेत विषुववृत्त आलंच. पिंजऱ्यांना सावली करायची, बर्फाच्या लाद्यांनी गारवा ठेवायचा, असं करत करत ते फेब्रुवारीत लॉस एंजेलिसजवळच्या सान पेद्रो बंदरात उतरले.

मला या सगळ्या गोष्टीत तो बर्फ फार महत्त्वाचा वाटतो. कारण आज चिंचिला पाळणाऱ्याचं पहिलं कर्तव्य तेच आहे. हा प्राणी घाम गाळत नाही. जास्तीची उष्णता तो मुख्यतः मोठ्या कानांतून सोडतो. कान लालबुंद दिसले, प्राणी आडवा पडून धापा टाकायला लागला, की समजायचं परिस्थिती हाताबाहेर चाललीय. साधारण दहा ते वीस अंश सेल्सिअस त्याला मानवतं. पंचवीसच्या पुढे धोका सुरू. अमेरिकेतल्या पाळणाऱ्यांचा एक घरगुती हिशोब आहे: फॅरनहाइटमधलं तापमान आणि हवेतली आर्द्रता यांची बेरीज दीडशेच्या खाली हवी. आता समजा मे महिन्यातली मुंबई. ३१ अंश सेल्सिअस, म्हणजे जवळपास ८८ फॅरनहाइट, आणि आर्द्रता ७०. बेरीज १५८. आणि वीज गेली की एसीही गेला. ज्यांना रील बघून हौस आलीय त्यांनी ही बेरीज आधी करा, पिंजऱ्याची किंमत नंतर विचारा.

तर, चॅपमननं आपले चिंचिला आधी तेहाचापीच्या थंड डोंगराळ भागात ठेवले आणि नंतर लॉस एंजेलिसजवळच्या इंगलवूडला आणले. पिल्लं झाली, पण भराभर नाही. चिंचिलाची मादी १११ दिवस गाभण राहते. उंदीर-घुशींच्या मानानं हे फारच झालं! पिल्लं एक किंवा दोन, कधी तीन, पण जन्मतःच डोळे उघडे, अंगावर केस, आणि लगेच पळायला तयार. त्यांच्या कपारीत आंधळं, उघडं पिल्लू टिकलं नसतं. १९३४ मध्ये चॅपमन वारला. मुलानं काम पुढे नेलं. आज अमेरिकेत जे पाळीव चिंचिला आहेत, त्यातल्या बहुतेकांची वंशावळ त्या बोटीवरच्या मूठभर प्राण्यांपर्यंत जाते.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत चिंचिलांची लाटच आली. जाहिराती कशा, तर घरच्या तळघरात एक जोडी ठेवा आणि श्रीमंत व्हा. आपल्याकडे मध्यंतरी इमू पालनाचं जे झालं, तोच प्रकार. खरा पैसा कातड्यात नव्हता, पुढच्या भाबड्याला जोडी विकण्यात होता. कातड्यांचा बाजार प्रत्यक्षात उभा राहिला तेव्हा भाव त्या स्वप्नांच्या जवळपासही नव्हते, आणि पुष्कळांनी हात टेकले. याच काळात पांढरे, बेज, काळे मखमली असे रंग निघाले. तुम्हाला रीलमध्ये दिसणारे ते सुंदर रंग मुळात कोटांसाठी जपले गेलेत.

पिंजराही तिथूनच आला. फार्मवर जागा वाचवायची, म्हणून तारेचे छोटे खोके ओळीनं लावलेले. तळ जाळीचा, म्हणजे लेंड्या आपोआप खाली पडतात. माद्या आपापल्या खोक्यात, गळ्यात पट्टा. नर मागच्या बोगद्यातून कुठल्याही खोक्यात जाऊ शके, पण पट्ट्यामुळे मादी बोगद्यात शिरू शकत नसे. मालकाच्या सोयीनं पाहिलं तर डोकं चाललेलं आहे. पण खडकावर उड्या मारणारा, घोळक्यात राहणारा प्राणी!

हौशी लोकांनी सुरुवातीला हेच खोके घरी आणले. मग हळूहळू कळत गेलं. जाळीवर सतत बसून पायांना जखमा होतात, म्हणून तळ सपाट हवा. पिंजरा लांबीपेक्षा उंच हवा, आत लाकडी फळ्या वरखाली लावलेल्या, म्हणजे एका फळीवरून दुसरीवर उडी मारता येते. फार उंच, मोकळी पडझड होईल अशी रचना मात्र नको. प्लास्टिक नको, तो कुरतडून गिळतो. लपायला एक लाकडी खोपटं हवंच, कारण कपारीशिवाय त्याला झोप येत नाही. एकटा ठेवण्यापेक्षा जोडीदार बरा, पण हळूहळू ओळख करून द्यायची, नाहीतर मारामाऱ्या. आणि पिंजरा तुमच्या बेडरूममध्ये ठेवू नका, रात्री बारा वाजता त्याची सकाळ होते.

दातांचं तर वेगळंच प्रकरण. ते आयुष्यभर वाढत राहतात. डोंगरातलं चरबरीत गवत त्यांना झिजवायचं. म्हणून आज त्याच्यासमोर सतत सुकं गवत लागतं, परदेशात टिमोथी नावाचं गवत वापरतात. सोबत थोड्या गोळ्या, स्वच्छ पाणी, आणि कुरतडायला सफरचंदाच्या झाडाची फवारणी न केलेली फांदी. बेदाणा तो आनंदानं खातो, पण त्याचं पोट साखरेसाठी बनलेलंच नाही. आणि एक गंमत: निरोगी चिंचिलाचे पुढचे दात नारिंगी असतात. पांढरेशुभ्र दिसले तर डॉक्टर गाठा. केसांचा झुपका हातात येतो तेही घुबड-कोल्ह्यांच्या तावडीतून सुटण्यासाठी. म्हणून उचलताना दोन्ही हात पोटाखाली घाला.

एवढं सगळं सांभाळलं तर हा प्राणी दहा-पंधरा, कधी वीस वर्षंही जगतो. म्हणजे कॉलेजात असताना घेतलात तर तुमच्या लग्नात असणार, आणि तुमच्या मुलाच्या शाळेच्या पहिल्या दिवशीही.

कातड्याचे फार्म पुढेही चालू राहिले. २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातला असा एक फार्म पेटा या संस्थेनं बंद करवला. मालकाला पैसे देऊन चारशेहून जास्त चिंचिला सोडवले आणि घरोघरी दिले. त्यासाठीचे ५० हजार डॉलर दिले सॅम सायमन यांनी, म्हणजे ‘द सिम्पसन्स’ मालिका घडवणाऱ्यांपैकी एक.

आणि मूळच्या डोंगरात काय? बरीच वर्षं लोक धरून चालले होते की चिलीतले लांब शेपटीचे रानटी चिंचिला संपले. मग १९७० च्या दशकात इयापेल गावाजवळच्या टेकड्यांत त्यांची वस्ती सापडली. १९८३ मध्ये तिथे सरकारनं राखीव क्षेत्र केलं, नावच ‘लास चिंचिलास’. पण कितीतरी वसाहती राखीव क्षेत्राबाहेर आहेत, जिथे शेळ्या चरतात आणि सरपणासाठी झुडपं तोडली जातात. आंतरराष्ट्रीय यादीत दोन्ही जाती धोक्यात आलेल्या म्हणूनच नोंदलेल्या आहेत. पिंजऱ्यात वाढलेले चिंचिला पुन्हा डोंगरात सोडून पाहण्याचे प्रयत्नही झाले. ते टिकले नाहीत. राखेत लोळायचं त्यांना कुणी शिकवावं लागत नाही, पण कोल्ह्याची चाहूल लागल्यावर कुठल्या कपारीत शिरायचं, हे त्यांना माहीत नव्हतं.