हेतू नसलेला खून आणि 'द ए. बी. सी. मर्डर्स'

शेरलॉक होम्स प्रथम अवतरला तो १८८७ सालच्या एका नाताळ अंकात. त्यानंतर वर्षभराच्या आतच, ३१ ऑगस्ट ते ९ नोव्हेंबर १८८८ या काळात, लंडनच्या व्हाइटचॅपल भागात व आसपास पाच स्त्रियांचे खून झाले. ते एकाच माणसाने केले असे सामान्यतः मानले जाते. तो माणूस मात्र कधीच सापडला नाही. बुटांवरच्या चिखलावरून समोरच्याचा प्रवास सांगणारा गुप्तहेर आणि ज्याच्या कृत्याला कोणतेही 'का' लावता येत नाही असा मारेकरी, हे दोघे एकाच शहरातले आणि एकाच काळातले. तरीही डॉयलने त्यांची गाठ कधी घातली नाही. पुढे ती इतरांनी, अनेकदा आणि बहुधा वाईट रीतीने, घातली.

ही टाळाटाळ केवळ अभिरुचीपोटी झाली असे आम्हाला वाटत नाही. अभिजात रहस्यकथेचा सारा डोलारा हेतूवर उभा असतो. मृत्युपत्र, मत्सर, जुने वैर यांपैकी काही ना काही मृताला मारेकऱ्याशी बांधून ठेवते आणि तो धागा पकडूनच गुप्तहेर पुढे सरकतो. एस. एस. व्हॅन डाइनने १९२८ साली रहस्यकथेसाठी जे वीस नियम घालून दिले, त्यांतला एकोणिसावा हेच सांगतो की गुन्ह्यामागचा हेतू वैयक्तिक असला पाहिजे. अनोळखी माणसांना ओळीने मारत जाणारा खुनी या चौकटीत बसणार कसा? मेरी बेलॉक लाउंड्सने 'द लॉजर' (१९१३) मध्ये व्हाइटचॅपलची भीती कादंबरीत आणली खरी, पण शोधाची वाट तिने सोडून दिली. तिथे आपण भाडेकरूवर संशय घेणाऱ्या घरमालकिणीच्या मनात राहतो. जर्मनीत फ्रिट्झ लांगचा 'एम' (१९३१) आला, त्यातही खुनी कोण हे कोडे नाहीच.

हे कोडे कोड्याच्याच नियमांनी सोडवून दाखवले ते अगाथा ख्रिस्तीने, १९३६ च्या 'द ए. बी. सी. मर्डर्स'मध्ये. (ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांनी आधी कादंबरी वाचावी, यापुढे रहस्य उघड करण्यावाचून आम्हाला गत्यंतर नाही.)

इंग्लंडमध्ये १८५३ पासून स्थानकांची नावे वर्णानुक्रमाने देणारे 'ए. बी. सी.' नावाचे रेल्वे वेळापत्रक निघत असे. कादंबरीतला खुनी प्रत्येक प्रेताजवळ त्याची एक प्रत ठेवतो. अँडोव्हरला तंबाखूचे छोटे दुकान चालवणारी वृद्ध ॲलिस ॲशर, बेक्सहिलला हॉटेलात काम करणारी बेटी बार्नार्ड, चर्स्टनला सर कारमायकेल क्लार्क. प्रत्येक वेळी पॉयरोला आधी पत्र येते. वर्णमाला हाच जणू हेतू! आणि या वेळापत्रकातच ख्रिस्तीची चलाखी आहे. ज्या वस्तूने देश सुव्यवस्थित, वेळेवर चालतो असा विश्वास दिला, तीच वस्तू इथे भीतीची खूण होते.

उलगडा असा, की वेडा खुनी नाहीच. फ्रँकलिन क्लार्कला भावाची संपत्ती हवी होती. भावाची पत्नी मृत्युशय्येवर होती, आणि तिच्यामागे तो तरुण चिटणीस मुलीशी विवाह करील ही धास्ती होती. हा एक खून उघडा पडू नये म्हणून बाकीचे खून. तिसरे पत्र चुकीच्या पत्त्यामुळे उशिरा पोचते. पत्रे स्कॉटलंड यार्डला न धाडता पॉयरोला का धाडली, याचे उत्तर इथेच आहे: यार्डला लिहिलेले पत्र भरकटले नसते. या युक्तीला पूर्वज आहेत. चेस्टरटनच्या फादर ब्राउनने १९११ मध्येच एक प्रेत अनेक प्रेतांत लपवलेले ओळखले होते, आणि फ्रान्सिस बीडिंगच्या 'डेथ वॉक्स इन ईस्ट्रेप्स' (१९३१) मध्येही खुनांच्या मालिकेआड एक साधा स्वार्थ दडलेला आहे.

म्हणजे ख्रिस्तीने व्हॅन डाइनचा नियम मोडल्यासारखे केले आणि अखेर पाळला. अनेक समीक्षक इथेच थांबतात: वेडाची भीती दाखवून वाचकाला पुन्हा दिवाणखान्यात सुखरूप आणून सोडले, असा त्यांचा आक्षेप. आम्हाला तो अर्धाच पटतो. कारण शेवटी जे हाती येते ते वेडाहून अधिक भयंकर आहे. ॲलिस ॲशरचा गुन्हा एवढाच, की तिचे आडनाव व गाव एका अक्षराने सुरू होत होते. तिची खोली तपासताना पॉयरो तिचे मोजके कपडे नि जुनी छायाचित्रे निरखतो, तो भाग विद्यार्थ्यांनी सावकाश वाचावा. दुकानदारीण आणि वाढपीण यांचे जीव श्रीमंताच्या मरणाला आडोसा म्हणून खर्ची पडतात, आणि हा हिशोब करणारा माणूस पूर्ण शुद्धीवर आहे.

त्याहून महत्त्वाचा कस्ट. अलेक्झांडर बोनापार्ट कस्ट, नाव भव्य आणि माणूस दीनवाणा. पहिल्या महायुद्धातून डोक्याला इजा घेऊन परतलेला, फेफऱ्याने ग्रासलेला, दारोदार पायमोजे विकणारा. क्लार्कने खोट्या कंपनीच्या नावाने त्याला नोकरी दिली, टंकलेखनयंत्र दिले, खुनांच्या गावी धाडले. हेस्टिंग्जच्या निवेदनात मधूनच त्याची प्रकरणे तृतीयपुरुषी निवेदनातून येतात, आणि वाचक निमूटपणे त्यालाच खुनी मानतो. पोलीस मानतात, वृत्तपत्रे मानतात. शेवटी कस्ट स्वतःही मानू लागतो. बेक्सहिलच्या रात्री तो दुसऱ्या गावी डॉमिनो खेळत होता, असे सांगणारा साक्षीदार असूनही कोणाला त्याची मातब्बरी वाटत नाही. त्या काळच्या इंग्लंडमध्ये खुनाला फाशी होती, हे लक्षात घेतले म्हणजे या प्रकरणांचे वजन कळते. युद्धाने मोडलेली हजारो माणसे त्या रस्त्यांवरून हिंडत होती. गूढ भीतीला चेहरा हवा असला की तो कोणाचा असणार, हे ख्रिस्तीला नेमके ठाऊक होते.

पुरावा मात्र लंगडा आहे. टंकलेखनयंत्रावर क्लार्कच्या बोटाचा ठसा मिळाल्याची थाप पॉयरो मारतो, आणि नंतर हेस्टिंग्जजवळ ती थाप असल्याचे कबूलही करतो. तर्काने सत्य सापडले तरी ते सिद्ध करायला लबाडी लागली.

१८८८ मध्ये 'जॅक द रिपर' हे नाव जगाला मिळाले ते एका वृत्तसंस्थेकडे आलेल्या पत्रातून. ते एखाद्या पत्रकारानेच रचले असावे असा पोलिसांना पुढे संशय होता. १९३६ च्या कादंबरीतही वृत्तपत्र शेवटी हजर आहेच. सुटून आलेल्या कस्टला एक पत्र त्याच्या जीवनकहाणीचे शंभर पौंड देऊ करते. पॉयरो त्याला सांगतो, पाचशेहून कमी घेऊ नका. आणि हो, डोकेदुखीसाठी एकदा चष्मा तपासून घ्या.