कमी उजेडाच्या घरासाठी ऑर्किडची निवड

रोपवाटिकेत सहज मिळणारे ऑर्किड म्हणजे डेंड्रोबियम. मात्र समोर इमारत असलेल्या किंवा फक्त उत्तरेकडे खिडकी असलेल्या घरात ते घेऊ नये. त्याची व्यावसायिक लागवड साधारण ५० टक्के शेडनेटखाली होते. तेवढा प्रकाश घरात मिळत नाही. रोप जगते, पाने गर्द हिरवी होतात, पण फुले येत नाहीत. व्हँडाला त्याहून जास्त उजेड लागतो.

रोप आणण्यापूर्वी जागा तपासावी. दुपारी १२ च्या सुमारास कुंडीच्या जागी पांढरा कागद ठेवून त्यावर एक फूट उंचीवर हात धरावा. सावली पुसट, पण बोटे ओळखू येत असतील तर फॅलेनॉप्सिस चालेल. नुसता धूसर डाग दिसल्यास ल्युडिसिया घ्यावे. सावलीच पडत नसेल तर रोज १० ते १२ तास एलईडी दिवा लावावा लागेल.

नवशिक्यांनी फॅलेनॉप्सिसपासूनच सुरुवात करावी. त्याला १०,००० ते १५,००० लक्स प्रकाश पुरतो आणि फुले दोन-तीन महिने टिकतात. पुन्हा फुलण्यासाठी काही आठवडे रात्रीचे तापमान २५ अंशांखाली हवे. पुण्यात हिवाळ्यात हे सहज साधते. मुंबईत कुंडी रात्री खिडकीजवळच ठेवावी. ल्युडिसियाची फुले लहान असतात. ते तांबूस शिरांच्या मखमली पानांसाठीच लावतात. ठिपकेदार पानांचे पॅफिओपेडिलमही कमी उजेडात फुलते, पण त्याचे माध्यम पूर्ण कोरडे होऊ देऊ नये. त्यामुळे ते दुसऱ्या वर्षी घेतलेले बरे.

घरातील ऑर्किड बहुधा अतिपाण्याने मरते. उजेड कमी, तर पाण्याची गरजही कमी. फॅलेनॉप्सिसची मुळे ओली असताना हिरवी, कोरडी झाली की चंदेरी दिसतात. चंदेरी झाल्यावरच पाणी द्यावे. वाराची सवय लावून घेऊ नये, पावसाळ्यात तर नाहीच. पाणी सकाळी द्यावे. पानांच्या बेचक्यात थेंब राहिल्यास कापसाने टिपून घ्यावेत, नाहीतर शेंडा कुजतो. फॅलेनॉप्सिससाठी माती वापरू नये. झाडाच्या सालीचे तुकडे, कोळसा आणि थोडे नारळाचे सोडण पुरते. ल्युडिसिया जमिनीवर वाढणारे असल्याने त्याला पानांचे कुजलेले खत मिसळलेले भुसभुशीत माध्यम चालते.

सह्याद्रीतील सीतेची वेणी झाडावरून काढून आणू नये. तिला मोकळा उजेड व वारा लागतो. बंद घरात ती झुरते आणि जंगलातली जागाही रिकामी होते.