स्ट्रॅडिशॉलचा दवाखाना, १९७२

ऑक्टोबर १९७२. इंग्लंडच्या सफक परगण्यातलं स्ट्रॅडिशॉल. हवाई दलाने रिकाम्या केलेल्या बराकी आणि सपाट रानावरून येणारा बोचरा वारा. तुमच्या अंगावरचा कोट स्वयंसेवक बायकांनी दिलेला, बाह्या बोटांपर्यंत आलेल्या. तुम्ही मूळचे गोव्यातल्या म्हापशाचे, युगांडातल्या कंपाल्यात सरकारी कारकून होतात. ऑगस्टमध्ये तिथला हुकूमशहा इदी अमीन याने आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला सांगितलं. सुमारे २८ हजार माणसं ब्रिटनला आली, त्यांतले तुम्ही.

छावणीच्या दवाखान्यात रांग आहे. आत कुणी पैसे मागत नाही, तरी तुम्ही खिसा चाचपता. डॉक्टर गोरा, सभ्य, घाईत. "काय होतंय?" इंग्रजी तुम्हाला उत्तम येतं, जन्मभर त्याच भाषेत फायली लिहिल्यात. तरी तोंडून एवढंच निघतं, "पाठ दुखते."

एन्टेबे विमानतळाच्या वाटेवर सैनिकांनी गाडी अडवली, बायकोच्या बांगड्या उतरवल्या, बंदुकीचा दस्ता तुमच्या पाठीत घातला, हे तुम्ही सांगत नाही. धाकट्या मुलाने ते पाहिलं, हे तर नाहीच. रात्री बराकीचं दार वाजलं की घाम फुटतो. कर्त्या पुरुषाने हे कुणाला सांगायचं? डॉक्टरचा हात पाठीवरच्या वळावर थांबतो. "पडलो होतो," तुम्ही म्हणता. तो गोळ्या लिहून देतो.

त्याला तरी किती दोष द्यायचा? पीटीएसडी, म्हणजे भीषण आघातानंतरचा मानसिक विकार, हे निदान अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत आलं १९८० मध्ये. छळ सोसलेल्यांसाठी हेलन बॅम्बर यांनी लंडनमध्ये संस्था काढली, ती १९८५ मध्ये.

आता आजच्या रांगेत या. तुमच्या जागी सुदानी, अफगाण, इराणी पुरुष उभे आहेत. आज इंग्लंडमध्ये जीपीकडे, म्हणजे भागातल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवायला पत्त्याचा पुरावा लागत नाही, निर्वासिताला इस्पितळातले उपचारही मोफत आहेत, दुभाषा मागता येतो. तरी काही ठिकाणी काउंटरवरच कागद मागून माणसाला परत पाठवतात. हा अन्याय आहे. आणि दुभाषा म्हणून दहा वर्षांच्या पोरालाच बसवलं, तर बाप त्याच्यादेखत काय बोलणार?

एनएचएसमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत, मराठी डॉक्टर कमी नाहीत. त्यांना कळकळीची विनंती: असा माणूस पाठ दुखते म्हणाला, तर पोराला बाहेर बसवा, फोनवर दुभाषा घ्या आणि गोळी लिहिण्याआधी रात्री झोप लागते का, एवढं जरूर विचारा.