चेंजओव्हर स्विच

घराच्या वायरिंगला वीज कंपनीची लाइन किंवा जनित्र यांपैकी एका वेळी एकाच ठिकाणाहून वीज मिळू देणारा स्विच. मीटर व मेन स्विचच्या पुढे आणि डीबीच्या (घरातल्या वितरण पेटीच्या) आधी तो बसवतात. त्याचा दांडा लाइन, बंद आणि जनित्र अशा तीन जागी थांबतो. लाइनवरून जनित्रावर जाताना मधली ‘बंद’ जागा ओलांडावीच लागते. त्यामुळे दोन्ही पुरवठे क्षणभरही एकमेकांना भिडत नाहीत.

लाइट गेली की काही ठिकाणी दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर घेऊन जनित्राची वीज भिंतीतल्या सॉकेटमध्ये सोडतात. हा प्रकार जीवघेणा आहे. एक प्लग सॉकेटमध्ये असताना दुसऱ्याच्या उघड्या पिनांवर पूर्ण २३० व्होल्ट दाब असतो. मेन स्विच चालू राहिला तर तीच वीज मीटरमधून उलटी फिरून खांबावरच्या तारांत शिरते. ती रोहित्रापर्यंत (गावच्या भाषेत डीपीपर्यंत) पोचली तर ते उलटे चालून ४३३ व्होल्टचे ११ हजार व्होल्ट करू लागते, कारण रोहित्र दोन्ही दिशांनी चालते. जनित्र लहान असेल तर शेजारच्या घरांचा भार पडून ते बहुधा बंद पडते. पण तार मध्येच तुटलेली असेल तर भार पडत नाही आणि खांबावर चढलेल्या लाइनमनच्या हाताशी जिवंत तार येते. त्याला मारायला २३० व्होल्टही पुरेसे असतात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड-रत्नागिरीतल्या कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. अशाच काळात घरोघरी जनित्रे निघतात आणि खांबांवर माणसे काम करत असतात. ‘मेन बंद करायचे लक्षात ठेवतो’ हे आश्वासन म्हणूनच पुरेसे नाही. घाईत माणूस विसरतो, किंवा घरातले दुसरे कोणीतरी मेन चालू करते. लाइन अचानक परत आली तर जनित्रही जळते.

सिंगल फेजला दोन पोलचा, थ्री फेजला चार पोलचा स्विच लागतो. फेजबरोबर न्यूट्रलही तुटला पाहिजे. पैसे वाचवायला एक पोलचा बसवू नये. जनित्राचे अर्थिंग आणि आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) नीट चालण्यासाठी लागणारी न्यूट्रलची जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी.

२ केव्हीएचे जनित्र सुमारे ८.७ अँपिअर देते. फ्रिज किंवा पंपाची मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते. गीझर आणि इस्त्री अशा जनित्रावर चालवू नयेत.

जनित्राच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नसतो. जनित्र बाल्कनीत, जिन्याखाली किंवा पडवीत न ठेवता उघड्यावर, दारे-खिडक्यांपासून किमान ६ मीटर दूर ठेवावे.

स्विच बसेपर्यंत जनित्राच्या सॉकेटवरून जाड वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड काढून फ्रिज, दिवे थेट त्यावर चालवावेत. घराच्या वायरिंगला जनित्र मुळीच जोडू नये.