अंड्यांतील रक्ताचा थेंब

स्वारगेट हें नांव ऐकलें नाहीं असा मराठी प्रवासी विरळा. सातारा रस्ता येथेंच पुणें शहराला मिळतो; २०२४ पासून येथें भुईखालून मेट्रोहि धांवते. तरीसुद्धां मागच्या गल्ल्यांतून दोनचार कोंबड्यांचें खुराडें बाळगणारीं घरें अद्याप आहेत. अशाच एका घरांतील प्रसंगानें मी आरंभ करतों.

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट. आमच्या शेजारच्या आजींनीं सकाळीं अंडें फोडलें, तों बलकावर रक्ताचा थेंब! दुसऱ्या दिवशीं पुन्हां तसेंच. ती कोंबडी त्यांना गल्लींतल्याच एका विधवा बाईनें दिलेली. ‘करणी’ हा शब्द प्रथम कोणीं उच्चारला तें कळलें नाहीं. परंतु दिवेलागणीपर्यंत तो गल्लीभर झाला, आणि त्या बाईचें आजींच्या ओट्यावर येणें बंद झालें. थेंब ज्वारीच्या दाण्याएवढा. त्यानें वीस वर्षांचें सख्य तोडलें.

अशा थेंबाचा योग्य न्याय करण्यास मनुष्यजात फार हळूहळू शिकली. त्या शिकण्याचा इतिहास आज आपणांपुढें ठेवावयाचा आहे.

प्रारंभीं सर्वत्र शकुनाचेंच राज्य होतें. वराहमिहिराच्या सहाव्या शतकांतील ‘बृहत्संहिते’त कोंबड्याच्या शुभाशुभ लक्षणांवर स्वतंत्र अध्याय आहे, आणि उत्पातांच्या विवेचनांत विपरीत प्रसव हें अरिष्टाचें चिन्ह मानलें आहे. युरोपहि याबाबतींत मागें नव्हता. कोंबड्यानें घातलेल्या अंड्यांतून नुसत्या दृष्टीनें जीव घेणारा सर्प निपजतो, असा तेथील समज. १४७४ सालीं, आजच्या स्वित्झर्लंडमधील बाझेल नगरांत, अंडें घातल्याच्या आरोपावरून एका कोंबड्यावर रीतसर खटला चालला, आणि त्याला अंड्यासह जाळण्यांत आलें.

या प्रकरणांतील खरा आरोपी उजेडांत आणला तो ला पेरोनी नांवाच्या फ्रेंच शस्त्रवैद्यानें. त्याच्याकडे एका शेतकऱ्यानें बलक नसलेलीं चिमुकलीं अंडीं आणलीं. आंत सापाच्या पिलासारखें वेटोळें दिसे. तीं आपला कोंबडाच घालतो, अशी शेतकऱ्याची खात्री होती. कोंबडा कापून पाहिला. त्यांत कांहींच निघालें नाहीं. कोंबडा गेला तरी अंडीं येतच राहिलीं! अखेर तीं घालणारी कोंबडी सांपडली. तिच्या पोटांत पाण्यानें भरलेली एक पिशवी अंडनलिकेला दाबीत होती. आणि तें वेटोळें? बलकाला दोहों बाजूंनीं सांवरून धरणारा पांढरा पीळ, जो प्रत्येक निरोगी अंड्यांत असतो, तोच तो. हें संशोधन १७१० सालचें. बाझेलच्या कोंबड्यासाठीं निकाल २३६ वर्षें उशिरां लागला.

दुसरा घोटाळा रक्ताचा. ॲरिस्टॉटलनें ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांतच नोंदविलें कीं, तीन दिवस उबविलेल्या अंड्यांत उड्या मारणारा लाल बिंदु दिसतो, आणि तो पिलाच्या हृदयाचा आरंभ होय. विल्यम हार्वे यानेंहि १६५१ सालच्या आपल्या ग्रंथांत त्या बिंदूचें सूक्ष्म वर्णन केलें. निरीक्षण अचूक होतें. पण तें खुडूक कोंबडीखालच्या अंड्याचें. ताज्या अंड्यांतील थेंबाला तें लावणें चूक आहे. जिनें कोंबडा कधीं पाहिलाहि नाहीं, अशा कोंबडीच्या अंड्यांतहि हा थेंब निघतो.

मग तो येतो कोठून? कोंबडीच्या पोटांत अंडें सुमारें २५ तासांत तयार होतें. पिकलेला बलक अंडकोशांतून सुटून नलिकेंत उतरतो. सुमारें तीन तास त्यावर पांढरा भाग चढतो, पुढें सव्वा तास पातळ पडदे बसतात, आणि नंतरचे सुमारें वीस तास कवच घडविण्यांत जातात. बलक सुटतांना त्याभोंवतींची बारीकशी शीर तुटली, कीं रक्ताचा थेंब त्यावर राहतो. आंतील अस्तराचा कण सुटला, तर तपकिरी डाग दिसतो. दोन बलक एकदम सुटले, तर जुळें अंडें. नव्यानें घालूं लागलेल्या तलंगांत हें विशेष. तयार झालेलें अंडें मागें सरकून पुढच्या बलकाला भेटलें, तर चक्क अंड्यांत अंडें! सुगरणीचा हात एखादे वेळीं चुकावा, तसेंच हें. ताज्या अंड्यांतील असला डाग सुरीच्या टोकानें काढावा, आणि अंडें नीट शिजवून खावें.

कांहीं विकार दाण्यापाण्यांतून येतात. आपल्या वऱ्हाड-खानदेशांत सरकी मुबलक. ती कोंबड्यांच्या पोटांत फार गेली, तर ठेवलेल्या अंड्याचा बलक हिरवट-तपकिरी आणि पांढरा भाग गुलाबी होतो.

खरीं काळजीचीं लक्षणें निराळीं आहेत. अंड्याऐवजीं पिवळसर, थराथरांचा, चिवट गोळा पडला, तर अंडनलिकेला सूज आहे असें समजावें. गोळा टाकून द्यावा आणि कोंबडी पशुवैद्याला दाखवावी. पांढऱ्यावर हिरवी झांक असून दुर्गंधि येत असेल, तर तें जंतूंचें काम. असें अंडें चाखूनहि पाहूं नये. क्वचित् आंतड्यांतला जंत वाट चुकून अंड्यांत शिरतो. तेव्हां अंडें फेंकावें व कोंबड्यांना जंताचें औषध द्यावें. खुराड्यांतील अनेक कोंबड्यांचीं अंडीं एकदम वेडींवांकडीं व पाण्यासारखीं होऊं लागलीं, तर राणीखेत, म्हणजेच खेड्यांतील ‘मानमोडी’, किंवा तसाच दुसरा सांथीचा रोग असूं शकतो.

दुकानांतल्या अंड्यांत हे प्रकार क्वचित् दिसतात, याचें कारण तीं सोज्ज्वळ कोंबड्यांचीं असतात हें नव्हे! मोठ्या व्यवसायांत अंडीं प्रखर दिव्यापुढें धरून तपासतात आणि डागाळलेलीं बाजूला काढतात. घरचें अंडें खुराड्यांतून थेट पातेल्यांत येतें. हीच परीक्षा अंधाऱ्या खोलींत विजेरीवर कोणालाहि करतां येईल; फक्त तपकिरी कवचांतून डाग नीट दिसत नाहीं, म्हणून प्रत्येक अंडें आधीं निराळ्या वाटींत फोडावें.

महाराष्ट्रांत २०१३ सालीं जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्यासाठीं झटलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची त्याच वर्षीं २० ऑगस्टला याच पुण्यांत हत्या झाली. कायदा भोंदूला पकडूं शकतो. गल्लींतली कुजबुज त्याच्या हातीं लागत नाहीं. ती थांबवावयाची तर कोणीतरी अंडें दिव्यापुढें धरावें लागतें.

मीं तें आजींपुढें धरलें. सारें ऐकून त्या बराच वेळ गप्प बसल्या, आणि सायंकाळीं स्वतः त्या बाईच्या दारीं गेल्या. आतां ती पुन्हां ओट्याशीं येते, बोलते. मात्र पूर्वीसारखी बसत नाहीं, उभ्या उभ्या बोलून निघून जाते.