ग्लासगोची कवयित्री, मुंबईचे पाणी

माणूस नेमका कोणत्या भूमीचा, हा प्रश्न इंदूर-देपालपूरकडील मराठी घरांना नवा नाही. अठराव्या शतकापासून होळकरांच्या आश्रयाने माळव्यात स्थिरावलेल्या या कुटुंबांनी भाषा दक्षिणेची राखली आणि जिव्हाळा माळव्याशी जोडला. इम्तियाज धारकर या स्कॉटिश कवयित्रीच्या काव्यातही हाच प्रश्न सतत उभा राहतो.

त्यांचा जन्म १९५४ साली लाहोरला झाला. वर्षाच्या होण्यापूर्वीच त्या आईवडिलांबरोबर ग्लासगोला गेल्या. घरी लाहोरचे मुसलमानी वळण आणि बाहेर स्कॉटलंडची कॅल्व्हिनपंथी शिस्त, अशा दुहेरी संस्कारांत त्या वाढल्या. पुढे पत्रकार अनिल धारकर यांच्याशी विवाह होऊन मुंबई त्यांचे घर झाली. तेथे त्यांनी माहितीपट केले, रेखाचित्रे काढली आणि कविता लिहिली. ‘पर्दा’ हा त्यांचा पहिला संग्रह १९८९ मध्ये भारतातच प्रसिद्ध झाला.

त्यांची ‘ब्लेसिंग’ ही कविता धारावीची आहे. तहानलेल्या वस्तीत जलवाहिनी फुटते आणि हाती येईल ते भांडे घेऊन माणसे धावत सुटतात, एवढाच तिचा प्रसंग. पण इंग्लंडच्या शालेय परीक्षांसाठी ती नेमली गेली आणि नळ सोडताच पाणी मिळणाऱ्या हजारो मुलांना घोटभर पाण्याचे मोल तिने सांगितले. मुंबईच्या १९९२-९३ च्या दंगलींनंतर, १९९४ साली आलेल्या ‘पोस्टकार्ड्स फ्रॉम गॉड’ या संग्रहात तर भंगलेले जग पाहून विस्मित झालेला ईश्वरच पत्रे लिहितो. धर्माच्या नावाने कलह करणाऱ्यांना त्यांनी उपदेश केला नाही. ज्याच्या नावाने कलह चालला, त्यालाच त्यांनी साक्षीला बोलावले.

त्यांचे दुसरे पती सायमन पॉवेल वेल्सचे. ते २००९ मध्ये निवर्तले. त्या वियोगाच्या कविता ‘ओव्हर द मून’ या संग्रहात आहेत. तो २०१४ साली आला आणि त्याच वर्षासाठी त्यांना ब्रिटनच्या राणीचे काव्य-सुवर्णपदक जाहीर झाले. २०१९ मध्ये राजकवीपदासाठी त्यांचे नाव पुढे आले असता, लेखनाला लागणारा एकांत राखण्यासाठी त्यांनी ते पद नाकारले.

लाहोर, ग्लासगो, मुंबई आणि वेल्स यांपैकी एकाही स्थळाला त्यांच्यावर एकट्याचा हक्क सांगता येणार नाही. तथापि धारावीच्या तहानेला इंग्रजी काव्यात जागा मिळवून देणारी ही कवयित्री मुंबईला तरी परकी म्हणता येणार नाही.