टायगरच्या अंगावरची तिसरी केबल

जर्मन टायगर-1 रणगाड्याच्या डाव्या बाजूचे युद्धकालीन छायाचित्र नीट पाहा. उभ्या चिलखतावर वळणे घेत गेलेली एक बारीक पोलादी केबल दिसते. चिखलात रुतलेला रणगाडा ओढण्यासाठीच ती असावी, असे प्रथमदर्शनी वाटते. पण वर, तोफेच्या मनोऱ्याच्या दोन्ही अंगांना, आणखी दोन जाड केबल आहेत. मग ही तिसरी कशासाठी?

पहिला पुरावा जाडीचा. वरच्या केबल 32 मिमी जाडीच्या, बाजूची केवळ 14 मिमी. सुमारे 57 टनांचे धूड ओढायला बाजूची पुरणार नाही. तिची लांबी मात्र 15 मीटर, आणि उलगडा होतो तो या लांबीपाशी. टायगरचा लढाईतला ट्रॅक 725 मिमी रुंद. तो घालून गाडी रेल्वेच्या मापात बसत नसे. म्हणून वाघिणीवर चढवण्यापूर्वी 520 मिमीचा अरुंद ट्रॅक घालावा लागे आणि उतरल्यावर पुन्हा रुंद. तो अवजड पट्टा चाकांवरून ओढून घेण्याची ही केबल. तिचे काम निश्चित आहे.

आता साक्षीदार तपासू. ‘टायगरफिबेल’ ही चालकदलासाठीची सचित्र पुस्तिका 1 ऑगस्ट 1943ची. ट्युनिशियात ब्रिटिशांच्या हाती लागलेला, आज बॉव्हिंग्टनच्या संग्रहालयात असलेला 131 क्रमांकाचा टायगर त्याआधीचा; तो एप्रिल 1943मध्ये पकडला गेला. पुस्तिकेतला तपशील त्याला परस्पर लावणे धोक्याचे, कारण उत्पादन चालू असताना बाहेरची जोडणी बदलत गेली होती. चर्टसीच्या ब्रिटिश तंत्रशाळेने जानेवारी 1944मध्ये त्याच गाडीवर तयार केलेला अहवाल मला अधिक मोलाचा वाटतो. प्रत्यक्ष गाडीही साक्षीदारच, पण अर्धीच: सुटी केबल कोणीही कधीही बदलू शकतो. तिला धरून ठेवणाऱ्या, चिलखतावर बसवलेल्या पकडींवर जास्त विसंबता येते.

छायाचित्रात पकडी रिकाम्या दिसल्या तर? केबल वापरात असेल, हरवली असेल किंवा मिळालीच नसेल. एका चित्रावरून यातले काहीच ठरत नाही. त्याच क्रमांकाच्या गाडीचे, त्याच सुमाराचे दुसरे चित्र शोधावे लागते.

जाड केबलच्या वापराची सर्वांत बोलकी खूण पुढच्या टोकाला आहे. टायगरच्या बाजूच्या पोलादी प्लेट्स समोर थोड्या पुढे येतात. त्यांतल्या भोकांत शॅकल, म्हणजे जोडकडी, अडकवून जाड केबल लावत. एका टायगरने दुसऱ्याला ओढू नये, असा नियम होता. हे काम 18 टनी फामो ट्रॅक्टरांचे, तेही एकाहून अधिक जोडून. तरीही टायगरला ओढणारा टायगर छायाचित्रांत सापडतो, म्हणजे नियम मोडला जाई, हे सिद्ध आहे. किती वेळा, हे छायाचित्रे सांगत नाहीत. पुढे शॅकल लोंबती दिसली, तर ही गाडी नुकतीच ओढली गेली होती किंवा तशी वेळ येईल असे दलाला वाटत होते, एवढा अंदाज करता येतो. दोन्हींतले नेमके कोणते, हे ठरवायला त्या दिवसाची युद्धनोंद हवी.